प्रश्न पूर्ण ऐकला होता का, दाजी?

दाजी, तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. मी फर्दापूरहून परत आले, औरंगपुऱ्यातलं दुकान उघडलं, मशीन गरम केलं आणि सकाळपासून तीन गिऱ्हाइकांना कोऱ्या बाजूच्या झेरॉक्स काढून दिल्या. माझं डोकं ठिकाणावर नाही. तुम्ही गेलात याचं दुःख आहेच. पण निघायच्या आदल्या दिवशी ताईनं मला जे सांगितलं, त्यानं मी पार चक्रावून गेलेय. एरवी असा घोळ झाला की मी तुम्हाला विचारायचे. आता कुणाला विचारू?

विचारायचं एवढंच आहे. त्या दिवशी टीव्हीच्या कार्यक्रमातून मी तुम्हाला फोन केला, तेव्हा प्रश्न पूर्ण वाचून दाखवला होता की नव्हता?

अकरा वर्षं मला याचं उत्तर पाठ होतं. नव्हता वाचला. मी घाईत अर्धाच प्रश्न वाचला, तुम्ही त्या अर्ध्या प्रश्नाचं बरोबर उत्तर दिलंत, पूर्ण प्रश्नाला ते चूक ठरलं, आणि अजिंठ्याच्या गाईडलाच अजिंठा माहीत नाही असं सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं. चूक माझी आणि नाव तुमचं खराब. हे मी तुम्हाला सांगणार होते. अकरा वर्षं सांगणारच होते. आणि आता ताई म्हणते, असं काही झालंच नाही.

ताईचं नंतर सांगते. आधी मला माझं मलाच क्रमानं लावू द्या, कारण हल्ली मला माझ्याच आठवणीचा भरवसा वाटेनासा झालाय.

अजिंठ्याच्या लेण्यांना सोमवारी सुट्टी, म्हणून तुम्हालाही. थोरल्या बहिणीचा नवरा दर सोमवारी फर्दापूरहून एसटीनं हाडं खिळखिळी करून घेत शहरात येतो आणि मेहुणीच्या झेरॉक्सच्या दुकानात स्टुलावर बसतो, हे शेजारच्या वह्यावाल्याला सुरुवातीला काही पटायचं नाही. मग तुम्ही त्यालाही प्रश्न विचारायला लागलात, आणि सोमवारी माझ्याआधी तोच तुमची वाट बघायला लागला. तुमच्याकडं प्रश्नांचा तुटवडा नव्हता. आठवडाभर पर्यटक जे विचारायचे त्यातला एक तुम्ही आमच्यासाठी राखून आणायचात. 'एवढा डोंगर कोरला, मग आतला दगड टाकला कुठं?' असं कुणी विचारलेलं असायचं. मी उत्तर मागितलं की तुम्ही चहाचा कप खाली ठेवून म्हणायचात, "पुढल्या सोमवारी. गाईडनं लगेच उत्तर दिलं की माणूस पुढं चालायला लागतो, शकूबाई."

माझं शिक्षण बारावीला थांबलं, मग लग्न. सासरी मला सांगणारे पुष्कळ होते. हे असं कर, ते तसं कर. मला प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले. आणि माझं उत्तर चुकलं तरी तुम्ही 'चूक' म्हणायचा नाहीत, "हां, आता असं का वाटलं तुला?" असं म्हणायचात. तेव्हा मला कळलंसुद्धा नाही, पण त्या स्टुलावर बसून तुम्ही माझं शिक्षण पुन्हा सुरू केलंत. बाकीचं काम मशीननं केलं. स्पर्धा परीक्षेची पोरं गठ्ठ्यानं नोट्स आणायची, आणि पान मशीनमधून बाहेर येईपर्यंत मी ते वाचून टाकायचे. घटनेची कलमं, नद्यांची खोरी, कोणत्या देशाचं चलन काय, सगळं डोक्यात उलटसुलट शिरलं, कारण पोरं पानं कधी क्रमानं देत नाहीत.

टीव्हीवर प्रश्नांचा कार्यक्रम येणार म्हणून नाव नोंदवा अशी जाहिरात आली, तेव्हा तुम्हीच माझ्या मोबाईलवरून पहिलं उत्तर पाठवलंत. मला न विचारता. मग बोलावणं आलं, तेव्हा मी तुमच्यावर ओरडले होते, आठवतं? माझ्याकडं एक धड साडी नाही, मशीन बंद ठेवून मी मुंबईला कुठं जाऊ, आणि तिथं ततपप झालं तर तोंड कुठं लपवू. तुम्ही नुसते हसत होतात. नंतर घरी येऊन मी एकटीच अंघोळीच्या खोलीत आनंदानं रडले, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

अडलं तर एका माणसाला फोन करता येतो, तीस सेकंद. त्या माणसाचं नाव आधी द्यायचं. माझे थोरले दीर कॉलेजात इतिहास शिकवतात, त्यामुळं सासरी सगळ्यांनी ते ठरवूनच टाकलं होतं. मी तुमचं नाव लिहून दिलं. दीर महिनाभर माझ्याशी तुटक बोलत होते. तुम्हाला कळलं त्या दिवशी तुम्ही वह्यावाल्यालाही स्वतःच्या खर्चानं जिलेबी चारलीत.

मग तीन सोमवार आपण सराव केला. तुम्ही मोबाईल घेऊन गल्लीच्या टोकाला जायचात, मी दुकानातून फोन लावायचे, वह्यावाला घड्याळ धरायचा. "तीस सेकंदांत काय होतंय? चहा गाळून व्हत नाय," तुम्ही म्हणायचात. "सगळं वाचत बसू नको. फापटपसारा गाळायचा. टुरिस्ट बघ, लांबण लावून विचारतेत, आपण त्यातले दोन शब्द धरायचे. तसं वाच." मी तसं वाचायला शिकले. प्रश्न बघितला की त्यातलं काय टाकायचं हे मला आधी दिसायचं. आपल्या दोघांना त्याचा केवढा गर्व झाला होता! एकदा तर अकरा सेकंदांत आपण प्रश्न आणि उत्तर दोन्ही उरकलं आणि वह्यावाल्यानं टाळ्या वाजवल्या.

मला माझ्या आठवणीचा भरवसा होता तो या सरावामुळं. मी तसंच वाचलं असणार, दुसरं कसं वाचणार?

स्टुडिओत थंडी वाजत होती. एका मुलीनं माझ्या तोंडाला पावडर फासली आणि घाम पुसू नका म्हणाली. आमचे हे प्रेक्षकांत सोबतीच्या खुर्चीवर ताठ बसले होते. पहिले प्रश्न बरे गेले. चलनाचा आला, खोऱ्याचा आला, मला मनात झेरॉक्सचं ते ते पान दिसत होतं. आणि मग समोरच्या पडद्यावर प्रश्न आला: अजिंठ्याच्या एक क्रमांकाच्या लेण्यात, गाभाऱ्याकडे तोंड करून उभे राहिल्यास, पद्मपाणी बोधिसत्त्वाचे चित्र कोणत्या बाजूला दिसते? डावीकडे, उजवीकडे, मागे, की छतावर?

मी मोठ्यानं हसलेच. सूत्रसंचालक म्हणाले, "हा तर तुमच्या घरचाच प्रश्न दिसतोय." मी म्हणाले, "हो, माझे दाजी तिथं गाईड आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

त्या लेण्यात मी तुमच्याबरोबर पाच-सहा वेळा तरी आले असेन. पण खरं सांगू, मी चित्राकडं कमी आणि तुमच्याकडंच जास्त बघायचे. तुम्ही बॅटरीचा झोत हळूहळू कमळावरून खांद्यावर, खांद्यावरून ओठांवर आणायचात आणि तिथं थांबवायचात, आणि एवढा वेळ चपलांच्या आणि डब्यांच्या गोष्टी करणारे लोक एकदम गप्प व्हायचे. मला ते बघायला आवडायचं. त्यामुळं बाजू नीट आठवेना. मनात 'डावीकडं' असं आलं होतं. मग वाटलं, घरचा माणूस बसलाय फोनजवळ, मनाचं कशाला ऐकायचं?

"बोल शकू," तुम्ही म्हणालात. मला आठवतं ते असं: मी म्हणाले, "दाजी, अजिंठा, एक नंबर लेणं, पद्मपाणी कुठल्या बाजूला? डावीकडं, उजवीकडं, मागं, छतावर." तुम्ही श्वासही घेतला नाहीत. "उजव्या हाताला. डोळे झाकून सांग." मी विचारलं, "नक्की ना?" तुम्ही म्हणालात, "तीस वर्षं उभा हाय मी तिथं."

सूत्रसंचालकांनी प्रश्न पुन्हा एकदा सावकाश वाचला. 'गाभाऱ्याकडे तोंड करून' या शब्दांवर माझं लक्ष अडकलं. तुम्ही लेण्यात कसे उभे राहता ते मला लख्ख दिसलं. तोंड आमच्याकडं, लोकांकडं. पाठ गाभाऱ्याकडं. तुमच्या उजव्या हाताला जो, तो आमच्या डाव्या हाताला. पण तोवर मी उत्तर पक्कं करून बसले होते. ते चुकलं. मी ज्या पायरीवर होते तिथून खाली आले आणि माझा खेळ संपला. जे हाती आलं त्यात जुनं मशीन दुरुस्त झालं, नवं यायचं राहिलं. त्याचं मला आजही काही वाटत नाही. परतीच्या रात्रभराच्या गाडीत मी एकच ठरवत होते, गेल्या गेल्या दाजींना सांगायचं की मी ते शब्द खाल्ले.

गेल्या गेल्या तुम्ही माझ्या हातात पेढा ठेवलात आणि म्हणालात, "आपल्या घरात एवढं कुणी कधी गेलं नव्हतं." मी तो तोंडात टाकला. म्हटलं, कार्यक्रम टीव्हीवर लागेल तेव्हा सगळ्यांना आपोआपच ऐकू येईल, मी किती वाचलं ते.

तो लागला तेव्हा तुमच्या घरी निम्मं फर्दापूर जमलं होतं. ताईनं चिवडा केला होता. आणि त्या लोकांनी माझं वाचन कापून टाकलं होतं, दाजी. तीस सेकंदांचे पाच-सहा केले होते. पडद्यावर खाली पूर्ण प्रश्नाची पट्टी आणि वरून तुमचा आवाज: उजव्या हाताला, डोळे झाकून सांग. लगेच चूक उत्तराचं ते संगीत. खोलीत कुणी चिवडाही चावेना. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही ती पट्टी वाचत होतात, ओठ हलवून, अक्षर अक्षर. मग ताईला म्हणालात, "उषा, चहा टाक गं सगळ्यांना."

म्हणजे पूर्ण प्रश्न काय होता हे तुम्हाला त्या दिवशी नक्की कळलं. फोनवर तुम्ही काय ऐकलं होतंत हेही तुम्हाला माहीत होतं. दोन्हीतला फरक तुम्हाला दिसला असणार, आणि तरीही तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. अकरा वर्षं मी असंच समजत आले. तुम्ही मला वाचवलंत, असं.

त्याची किंमत मी डोळ्यांनी बघितली. लेण्यांच्या फाट्यावर, टी-जंक्शनला, रंगीत दगड विकणारे अन्वरभाई तुम्हाला लांबूनच हाळी द्यायचे, "क्या गाईडसाब, पद्मपाणी किदर कू है?" तुम्ही दोन्ही हात दोन दिशांना करून दाखवायचात आणि सगळे हसायचे. त्यात विखार नव्हता, अन्वरभाईंचा तुमच्यावर जीव होता. पण त्या दिवाळीत मी तिकडं आले असताना जळगावकडची एक शाळा आली होती. त्यांच्या सरांनी तुमच्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "तुम्हीच ना ते टीव्हीवरचे? दुसरे कुणी गाईड आहेत का?" मी तुमच्यापासून चार हातांवर उभी होते. तुम्ही छातीवरचा बिल्ला उगाच सरळ केलात, एका नव्या गाईडला स्वतःच हाक मारलीत आणि सरांना म्हणालात, "ह्याला घ्या, लई झकास सांगतो." येताना मला म्हणालात, "लेकरं लई होती, माझा घसा बसला असता." मला त्या क्षणी त्या सरांना गाठून सांगता आलं असतं. निदान तुम्हाला तरी. मी विचारलं काय, तर घसा दुखतो का.

दाजी, मी तोंडाळ आहे हे सगळ्या खानदानाला माहीत आहे. रिक्षावाल्यापासून नगरसेवकापर्यंत मी कुणाची भीड ठेवत नाही. मग एवढं एक वाक्य माझ्याच्यानं का झालं नाही?

एकदा मी अगदी जवळ आले होते. सोमवारच होता, दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी आडून सुरुवात केली, "दाजी, तुम्ही तेव्हा उजवीकडं का म्हणालात हो?" तुम्ही म्हणालात, "माझ्या उजव्या हातालाच हाय तो. तीस वर्षं त्याच्याकडं पाठ करून लोकांना त्याचं कौतुक सांगतोय मी." मी म्हणाले, "पण प्रश्न तर..." तुम्ही मला पुढं बोलू दिलं नाहीत. "प्रश्न काय व्हता ते तुला ठाऊकच हाय, शकू," असं म्हणालात, आणि इतक्या हळू आवाजात की मला वाटलं, यांना सगळं माहीत आहे आणि आता हे मला सांगतायत की राहू दे. मी लगेच विषय बदलला. मला केवढं हायसं वाटलं होतं त्या दिवशी! लाज वाटायच्या ऐवजी हायसं वाटलं, हे आता आठवून मला स्वतःचा राग येतो.

त्यानंतर आपण भांडलो ते दुसऱ्याच गोष्टींवरून. मोबाईलवर उत्तर शोधलं तर ते उत्तर आपलं म्हणायचं का, यावर तुम्ही दोन सोमवार माझ्याशी धड बोलला नव्हतात. ते भांडणही तसंच राहिलं. मी अजून म्हणते की आपलं म्हणायचं.

शेवटच्या सोमवारी तुम्ही आलात तेव्हा तुमचा चेहरा उतरलेला होता. मी म्हणाले डॉक्टरला दाखवा, तुम्ही म्हणालात गाडीत बसून बसून होतं. त्या दिवशी मी सांगणार होते, खरंच. तेवढ्यात एक पोरगी अख्खा प्रबंध घेऊन आली आणि कागद अडकला. म्हटलं, आता पुढल्या सोमवारी. तुम्ही गुरुवारी गेलात.

तेराव्याला पंगतीत तुमचा तो गाईड, आता नवा राहिला नाही, पोट सुटलंय त्याचं, तो चार शब्द बोलायला उभा राहिला. म्हणाला, "साहेब आयुष्यात एकदाच चुकले, ते पण टीव्हीवर." लोक रडता रडता हसले. अन्वरभाई कोपऱ्यात बसले होते, ते नाही हसले, ते रुमालात तोंड घालून हमसून रडले. मला ताटावरून उठून सांगावंसं वाटलं की अहो, ते चुकलेच नव्हते. घास गिळला आणि बसून राहिले. तुमच्या तेराव्यालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी ताई तुमचे कामाचे शर्ट उन्हातून काढून घड्या घालत होती. तिथं मी एकदाचं ओकले. सगळं. मी कसं अर्धंच वाचलं, तुम्ही कसं सहन केलंत, मी कशी गप्प बसले. मला वाटलं ती मला चार शिव्या देईल, आणि मला त्या हव्या होत्या. तिनं शर्ट मांडीवर ठेवला.

"काय बोलायलीस तू?" ती म्हणाली. "तू सगळं वाचलं व्हतंस की."

कार्यक्रमवाल्यांनी सांगितलं होतं ना, फोनजवळ दुसरं कुणी नको. म्हणून ताई आतल्या दाराआड उभी होती, आणि हे बाहेर कळलं तर तुमच्यावर बालंट येईल म्हणून इतकी वर्षं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हाला नीट ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा ठेवला होता. "गाभाऱ्याकडं तोंड करून, असं तू म्हणलीस. मी या कानांनी ऐकलं. ते ऐकलं आन् हे खुर्चीतून उठले. देवघराकडं पाठ केली, जसं तिकडं लोकांपुढं उभे राहतेत तसं. उजवा हात लांब केला. आन् मग बोलले."

"पण प्रश्नात तोंड करून होतं, तर पाठ का केली?"

"तेच तर ना. सवय. आंगात भिनलं व्हतं ते." ताईनं शर्टाची कॉलर दोनदा दाबली. "फोन ठेवला आन् वळून देवघराकडं तोंड केलं. मग आपल्याच हाताकडं बघत बसले. म्हणले, उषा, घोटाळा केला मी. पोरीचं वाटोळं केलं."

मी म्हणाले, "मग मला का नाही सांगितलं?"

"तुला काय सांगायचं? तूच तर वाचलंस. तुला तर पैल्यापासून ठाऊक." आणि मग ती म्हणाली, दाजी, जे मी तेव्हापासून गिळू शकत नाहीये. "दर सोमवारी निघताना म्हणायचे, शकूचं तोंड एवढं चालतंय, पण मला एका शब्दानं बोलली नाय. एकदा तर स्वतःच विषय काढला आन् अर्ध्यातच सोडून दिला, मला वाईट वाटंल म्हणून. लई मोठ्या मनाची हाय पोरगी."

आता मी काय करू, सांगा.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं. "तुम्ही तर समोर बसला होतात, तुम्ही ऐकलं असेल." हे म्हणाले, "मला काय आठवतंय? मी ते उलटं धावणारं घड्याळ बघत होतो, माझीच छाती धडधडत होती." वह्यावाल्याला बोलावून काल दुकानात घड्याळ लावून प्रश्न पूर्ण वाचून बघितला, चारही पर्यायांसकट. निम्मा वेळ शिल्लक राहतो. म्हणजे गाळायची गरजच नव्हती. पण गरज नसतानाही आपण सरावात गाळतच होतो की. मला ते शब्द पडद्यावर दिसतात आणि मी ते ओलांडून पुढं जाते हे स्पष्ट आठवतं. पण तो पडदा स्टुडिओतला आहे की ताईच्या घरातल्या टीव्हीवरची ती पट्टी आहे, हे आता सांगता येत नाही. कार्यक्रम बंद पडून जमाना झाला. ते कापलेले सेकंद कुणाकडं असणार?

कधी वाटतं ताईचंच बरोबर. मग अकरा वर्षं मी मनातल्या मनात तुमची कसली माफी मागत होते? आणि तुम्ही 'प्रश्न काय व्हता ते तुला ठाऊकच हाय' म्हणालात ते मला सोडून देण्यासाठी नव्हतं, तुम्ही तुमची चूक माझ्यापुढं ठेवत होतात, आणि मी घाईघाईनं विषय बदलला तो तुम्हाला माझा मोठेपणा वाटला.

कधी वाटतं मीच बरोबर, आणि ताईच्या मनानं नवरा गेल्यावर काहीतरी जुळवलंय. पण तो लांब केलेला हात ती कुठून जुळवेल? आणि कधी मध्येच मनात येतं की हा सगळा तुमचाच कारभार. मला बोल लागू नये म्हणून तुम्हीच तिला शपथ घालून हे सांगून ठेवलं असेल. तुम्ही तसे होतातच. त्या सरांना दुसरा गाईड हाक मारून देणारा माणूस काहीही करेल. मग मी पुन्हा ताईला फोन करते, पुन्हा विचारते, आणि ती रडायला लागते. म्हणते, "मला जेवढं ठाऊक तेवढं सांगितलं, आता मला छळू नको." मी फोन ठेवते.

तुम्ही असतात तर चहाचा कप खाली ठेवून विचारलं असतंत, असं का वाटलं तुला? मला तिन्ही गोष्टी खऱ्या वाटतात, दाजी, दिवसातून तीन वेळा वेगवेगळ्या. चूक कुणाची होती हे मला कधी कळणार नाही, आणि त्याची सवय होईलसुद्धा कदाचित. पण दर सोमवारी तुम्ही माझ्या दुकानातून उतरून एसटीत बसत होतात ते माझ्याबद्दल काहीतरी चांगलं मनात घेऊन, त्याची सवय कशी व्हायची? तुमची चूक असो की माझी, मी गप्प होते त्याचं कारण मला माहीत आहे. ते तुम्हाला माहीत नव्हतं. मी मोठ्या मनाची नव्हते, दाजी. मी घाबरले होते. तुम्ही सोमवारचं यायचं बंद कराल म्हणून.